ठशाचा रंग धुण्यात जातो, कडा फुटतात, नक्षी भरून येते: ठसा बदलण्याआधी काय तपासायचं

संक्रांतीच्या वाणाच्या पिशव्या छापायला घेतल्या की दरवर्षी तोच प्रश्न येतो. "ताई, ठसा नवा करून आणला, रंगाची डबी नवी फोडली, तरी धुतलं की मोर जायलाच." परभणीचा बचत गट असो की अंबाजोगाईत घरी एकटीने ओढण्या छापणारी बाई, तक्रार एकच आणि पहिला उपायही एकच: ठसा बदला. रबरी ठशाला पैसे पडतात, तो करून मिळायला वेळ जातो, आणि नव्या ठशानेही तेच होतं. कारण बहुतेक वेळा बिघाड ठशात नसतोच. तो कापडात असतो, इस्त्रीत असतो, आणि आपल्या मराठवाड्यात तर फार वेळा पाण्यात असतो.

आधी एक चिंधी छापा

ज्या कापडावर छपाई बिघडली, त्याचाच वीतभर तुकडा घ्या आणि मधोमध फाडा. एक अर्धा तसाच कोरा ठेवा. दुसरा खाली सांगितल्याप्रमाणे सोड्यात उकळून, खंगाळून, वाळवून घ्या. दोन्हींवर त्याच ठशाने, त्याच रंगाने, एका बैठकीत छापा. दोन्हींना सारखी इस्त्री करा आणि दोन-तीन दिवस थांबून एकाच बादलीत धुवा.

उकळलेल्या तुकड्यावर रंग राहिला आणि कोऱ्यावरचा गेला, तर दोष कापडाचा. दोन्हींवरचा गेला, तर रंग, इस्त्री किंवा पाणी. दोन्हींवर रंग पक्का आहे पण नक्षीच पुसट किंवा गिचमिड आहे, तर मात्र ठसा, रंगाचा दाटपणा आणि टेबल यांच्याकडे बघा. दहा मीटर कापड वाया घालवण्यापेक्षा ही चिंधी फार स्वस्त पडते. ठाण नवीन आलं की दर वेळी ती करा, दुकान तेच असलं तरी. एकाच दुकानातली दोन ठाणं एकाच मागावरची असतील असं नाही.

रंग पहिल्याच धुण्यात निघतो: कापडातली खळ

मागावर ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ देतात. मांजरपाट, म्हणजे जाडसर कोरं सुती कापड, ज्या स्थितीत आपल्या हातात येतो, त्यात ही खळ तशीच असते. वर कापसाच्या धाग्याला स्वतःचा मेणचटपणा असतोच. कापूस वेचला, सरकी काढली, सूत कातलं, विणलं, तरी तो जात नाही. तो उकळूनच काढावा लागतो. अशा कापडावर ठसा मारला की रंग खळीवर बसतो, धाग्यापर्यंत पोचत नाही. दिसायला छपाई सुरेख दिसते, कोऱ्या कडक कापडावर तर जास्तच ठसठशीत. धुतलं की खळ सुटते आणि तिच्यासोबत वर बसलेला रंगही.

खळ आहे का हे दोन मिनिटांत कळतं. कापडावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच पसरून आत मुरला तर कापड तयार आहे. मोत्यासारखा वर बसून राहिला तर नाही. दुसरी खूण आणखी खात्रीची: जखमेवर लावायचं आयोडीनचं तपकिरी औषध थोड्या पाण्यात पातळ करून त्याचा एक थेंब कोपऱ्यावर टाका. पिष्टाची खळ असेल तर तो डाग बघता बघता निळा-काळा होतो. खळ नसेल तर पिवळट तपकिरीच राहतो. पहिल्यांदा ही चाचणी बघणाऱ्या बायका दुकानदाराने "धुवट आहे" म्हणून दिलेलं कापडही काळं पडताना बघतात, आणि मग पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

आता उपाय. कापड रात्रभर कोमट पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. नुसतं भिजवून पिळलं तर खळ निघत नाही, तिला मऊ पडायला वेळ लागतो. सकाळी ते पाणी टाकून द्या, नवीन पाणी घ्या, लिटरला अर्धा-पाऊण चमचा धुण्याचा सोडा आणि थोडी कपडे धुण्याची पावडर घालून तासभर उकळा. अधूनमधून काठीने खालीवर करा. खायचा सोडा इथे चालत नाही, तो फार सौम्य पडतो. पाणी पिवळट होतं, तेच व्हायला हवं. नंतर सोड्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खंगाळा आणि थेंबाची चाचणी पुन्हा करा. पिशव्या बेतायच्या असतील तर त्या यानंतरच बेता, कारण मांजरपाट उकळल्यावर आटतो. रंगीत ओढण्या मात्र उकळू नका, त्यांचा मूळ रंग जाईल. त्या कोमट पाण्यात पावडर घालून धुतल्या की पुरे, आणि कपडे मऊ करणारं द्रव त्यात घालू नका. ते धाग्यावर पातळ थर ठेवून जातं आणि थेंब पुन्हा वर बसतो.

एवढं पाणी कुठून आणायचं हा प्रश्न लातूर-बीडकडच्या बाईने उन्हाळ्यात विचारला तर तो अगदी रास्त आहे. म्हणून वर्षभराचं कापड पावसाळ्याच्या शेवटी, विहिरीला पाणी असताना, एकदम उकळून वाळवून ठेवावं. सोड्याचं पाणी अंगण, मोरी धुवायला वापरता येतं. झाडांना घालू नका, त्याने जमीन खारावते.

कापड उकळलं तरी रंग धरत नाही: बोअरचं पाणी

आपल्या भागातला हा खरा छुपा दोष. काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक गावांत जड असतं, म्हणजे त्यात चुना आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. तांब्याच्या कडेला, हीटरच्या कांडीवर जो पांढरा थर बसतो, तो हाच. अशा पाण्यात वडीचा साबण फेस देत नाही. क्षारांशी मिळून त्याचा चिकट पांढरट गाळ होतो आणि तो कापडावर बसतो. म्हणजे एका दाराने खळ काढली आणि दुसऱ्या दाराने साबणाचा मेणचट थर आत घेतला. कापड स्वच्छ दिसतं, थेंब मात्र मुरत नाही.

यासाठी छपाईच्या कापडाला साबणाची वडी लावूच नका, पावडर वापरा. धुण्याचा सोडा पाण्यात आधी विरघळवा, थोडा वेळ थांबा, मग कापड टाका. सोडा त्या क्षारांना खाली बसवतो आणि पाणी हलकं होतं. शेवटचं खंगाळणं पावसाच्या साठवलेल्या पाण्यात जमलं तर सोन्याहून पिवळं.

त्याच पाण्याने दुसरी खोडी होते ती रंगाच्या वाटीत, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. कापडावर छापायचा पिगमेंटचा रंग म्हणजे रंगाची बारीक पूड, तिला धरून ठेवणारा दुधासारखा बाइंडर, आणि पेस्टला दाटपणा देणारं द्रव्य. बाजारातल्या बऱ्याच तयार पेस्टमध्ये हे दाटपणा देणारं द्रव्य ॲक्रिलिकच्या जातीचं असतं आणि त्याला क्षार सोसत नाहीत. रंग जरा घट्ट वाटला म्हणून बोअरचं चमचाभर पाणी घातलं की पेस्ट अपेक्षेपेक्षा फार जास्त पातळ होते. मग ठसा मारला की कडा फुटतात, पाकळीला मिशा आल्यासारख्या दिसतात, आणि नाव येतं ठशावर. कधी कधी बाइंडरचे बारीक दाणेही धरतात. ते ठशाच्या खाचेत जाऊन बसतात आणि नक्षीत पांढरे टिपके सोडतात.

खात्री करायची तर दोन वाट्यांत सारखा रंग घ्या. एकीत चमचाभर बोअरचं पाणी घाला, दुसरीत तेवढंच फिल्टरच्या जारचं. ढवळा आणि चमचा तिरका करून रंग ओघळू द्या. फरक हाताला कळतो. रंगात घालायचं पाणी कायम जारचंच ठेवा. दिवसाला पेलाभर लागतं, त्यात कंजूषी नको. शक्य असेल तर पाणी घालूच नका; घट्ट रंगच स्पंजने ठशाला लावा.

"मेच्या उन्हात वाळवलं, आता काय जातंय" हा समज

जातो. पिगमेंट धाग्यात शिरत नाही, त्याच्याशी जोडलाही जात नाही. बाइंडरचा पातळ पापुद्रा त्याला धाग्यावर धरून ठेवतो, आणि तो पापुद्रा नीट पक्का व्हायला साधारण १५० अंश उष्णता तीन ते पाच मिनिटं मिळावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ वर गेला तरी पत्र्यावर टाकलेलं कापड त्याच्या जवळपासही जात नाही. उन्हाने रंग वाळतो, पक्का होत नाही. उलट रणरणत्या उन्हात वरून पटकन कडक होतो आणि आपली समजूत होते की काम झालं.

छपाईनंतर सावलीत एक दिवस वाळू द्या. मग कापड उलटं करून, खाली स्वच्छ सुती कापड घालून, सुतीच्या खुणेवर गरम केलेली इस्त्री वाफ न सोडता फिरवा. एका जागी ठेवून जाळू नका, पण घाईघाईने एक फेरीही पुरत नाही. तळहाताएवढ्या भागाला एकूण तीन-चार मिनिटं मिळतील असा हिशेब धरा. लाइट जाते, व्होल्टेज कमी असतं, इस्त्री तापल्यासारखी वाटते पण तापत नाही. अशा वेळी गल्लीतल्या कोळशाच्या इस्त्रीवाल्या दादांना गठ्ठा द्या. ती जड इस्त्री या कामाला उत्तम, फक्त उलट्या बाजूने आणि पाणी न शिंपडता करायला सांगा. टेरिकॉटला, म्हणजे सूत आणि पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाला, एवढी आच सोसत नाही. तिथे मध्यम आच आणि जास्त फेऱ्या. खरं तर शिकताना टेरिकॉट घेऊच नये.

इस्त्रीनंतर दोन-तीन दिवस धुवायचं नाही. हेही बाकी सगळ्याइतकंच महत्त्वाचं.

रंग गडद यावा म्हणून पिगमेंट ओतत राहण्याचाही मोह होतो. १०० ग्रॅम बिनरंगाच्या पेस्टला ३ ते ५ ग्रॅम पिगमेंट पुष्कळ झालं. त्याहून जास्त घातलं की त्याला धरायला बाइंडर पुरत नाही, आणि पांढऱ्या रुमालाने घासलं तरी रंग रुमालावर येतो. कोरडं घासून रंग निघत असेल तर कारण बहुधा हेच. पेस्ट वाढवा, पिगमेंट नाही. आणि स्टेशनरीच्या दुकानातल्या शिक्क्याच्या पॅडची जांभळी शाई कापडाला वापरू नका, कितीही सुबक उमटली तरी. ती कागदासाठी केलेली आहे, धुण्यासाठी नाही.

उन्हाळ्यात नक्षी भरून येते

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की रंग कापडावर वाळण्याआधी ठशावर वाळतो. पाच-सहा छाप चांगले येतात, मग मोराच्या पिसातला डोळा बुजायला लागतो, बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. बाई जोर लावते, तसा रंग आणखी बाजूला पसरतो.

काम सकाळी उन्हं चढायच्या आत करा. पंखा बंद. रंगाच्या ताटलीवर ओलं पिळलेलं फडकं झाका, मधल्या वेळात ठसाही ओल्या स्पंजवर उपडा ठेवा. रंगात थोडं ग्लिसरीन चालतं, १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम. ते ओल धरून ठेवतं. जास्त झालं तर रंग धड वाळत नाही आणि धुण्यात सुटतो, म्हणून हात आखडता ठेवा. दर आठ-दहा छापांनंतर ठसा जुन्या वर्तमानपत्रावर दोनदा मारून रिकामा करा, आणि मऊ टूथब्रश जारच्या पाण्यात बुडवून खाचांतून फिरवा. कोरडं पुसणं उपयोगाचं नाही, त्याने रंग खाचेत दाबला जातो.

थंडीत याच्या उलट होतं. परभणीकडे डिसेंबरातली पहाट फार गार असते. तेव्हा रंग तासन्तास ओला राहतो आणि थंडीत बाइंडरचा पापुद्राही नीट धरत नाही. संक्रांतीच्या कामाला दुपारच वापरा.

ठसा खरंच खराब होतो तो असा

वाळलेला रंग काढायला रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरलं की रबर फुगतं. ही खूण ओळखायला सोपी आहे: ठसा उजेडात तिरका धरा. नव्या ठशाच्या कडा धारदार, खाचा सरळ दिसतात. फुगलेल्याच्या कडा गोलसर, मऊ, बोटाला किंचित चिकट लागतात, आणि नक्षी मूळ कागदावर ठेवून बघितली तर थोडी मोठी झालेली असते. सुट्या मिळणाऱ्या काही छपाईच्या पेस्टमध्येही रॉकेलच्या जातीचं तेल घातलेलं असतं. लाकडी ठशाला ते चालतं, रबराला नाही. पेस्ट घेताना वास घ्या आणि विचारा. वाळलेला ॲक्रिलिक रंग काढायला स्पिरिट किंवा हातावर लावायचं सॅनिटायझर फडक्यावर घेऊन हलकेच चोळा. रंग मऊ होऊन निघतो आणि नैसर्गिक रबराला फारसा त्रास होत नाही.

खिडकीत, उन्हात ठेवलेल्या रबराला भेगा पडतात. डब्यात, सावलीत, एकावर एक न रचता ठेवा.

अगदी नवा ठसा रंग धरत नसेल, रंग त्याच्यावर थेंब-थेंब गोळा होत असेल, तर त्याच्यावर पावडर किंवा कोरताना उडालेली काजळी राहिलेली असते. पाणी-पावडरीने घासा, स्पिरिटने पुसा, तरी नाही धरला तर अगदी बारीक पॉलिश पेपर एकदा अलगद फिरवा. चकाकी गेली की रंग बसतो.

ठसा करून घेतानाचं एक सांगते, कारण इथे पैसे वाया जातात. तहसील-कोर्टाच्या आसपास शिक्के करणारे कारागीर कागदाच्या हिशोबाने कोरतात: खाच उथळ, रेघ बारीक. कागद सपाट असतो, मांजरपाटाचा धागा उंचसखल. उथळ खाचेत कापड खाली टेकतं आणि नको तिथे रंग लागतो. त्यांना "कापडासाठी, खोल कोरा" असं स्पष्ट सांगा, आणि नक्षीतल्या दोन रेघांत निदान दीड-दोन मिलिमीटर अंतर ठेवा. पैठणीचा बांगडी मोर जसाच्या तसा दोन इंचांच्या ठशात मावत नाही. रेशमी धाग्यात विणलेली ती बारकाई जाड सुतावर ठशाने येणार नाही. बांगडीचा गोल, मोराची मान आणि पिसारा एवढंच ठेवा, बाकी सोडा. लांबून तो मोरच दिसतो आणि जास्त देखणा दिसतो. मलमलीवर थोडी जास्त बारकाई चालते. मोठी, भरीव बुट्टी हवी असेल तर रबराचा हट्ट सोडून सागवानाचा किंवा शिसवीचा लाकडी ठसा घ्या. गुजरातेतलं पेथापूर अशा ठशांसाठीच प्रसिद्ध आहे. रबराची कमाल बारीक आणि मध्यम नक्षीत आहे.

अर्धवट उमटतो, एक कोपरा कोराच

इथे टेबल बघा. कडक फरशीवर रबरी ठसा नीट टेकत नाही. जुनी घोंगडी चौपदरी घडी घालून पसरा, वर सुती चादर ताणून बांधा, आणि मग कापड. ठसा ठेवल्यावर डोलवू नका, चारी कोपऱ्यांवर तळहाताने सरळ दाब द्या आणि सरळ उचला. रंग ठशाला बुडवून नव्हे, स्पंजने टिपून लावा. बुडवला की कडेला जास्त लागतो आणि मध्ये कमी.

ओळ वाकडी जात असेल तर ठशाच्या लाकडी पाठीवर वर, खाली, डावी, उजवी अशा चार खुणा करा आणि कापडावर खडूची दोरी मारा. यात दुसरं गुपित नाही.

छापून झालेला माल हातात आहे, त्याचं काय

अजून पाणी लागलं नसेल तर एक पिशवी बाजूला काढा, उलट्या बाजूने भरपूर इस्त्री करा, दोन दिवसांनी कोमट पाण्यात पावडर घालून धुवा. टिकली तर बाकीच्यांनाही तशीच इस्त्री देऊन विका. टिकली नाही तर कापडात बहुधा खळ आहे, आणि छापल्यानंतर ती काढायला काही उपाय नाही. तो माल धुवायला न लागणाऱ्या कामात घाला: भिंतीवरचं तोरण, फ्रेममधली नक्षी, दागिन्यांच्या डबीचं अस्तर. गिऱ्हाइकाला पिशवी म्हणून देऊ नका. आणि एकदा धुवून पुसट झालेल्या मोरावर तोच ठसा पुन्हा मारू नका. कापड आटलेलं असतं, रेघ रेघेवर बसत नाही. त्यापेक्षा ते कापड आता एकदा धुतलेलं आहे, थेंब मुरतो का बघा, आणि मुरत असेल तर उलट्या बाजूने पहिल्यापासून छापा.